वाटेवरचे नगर : क्षत्रपांची उज्जयिनी

निवडणुकांचे दिवस आले की मराठी वृत्तपत्रांतून 'प्रादेशिक क्षत्रप' हा शब्दप्रयोग हमखास वाचावयास मिळतो. आपापल्या मुलखात बळ राखून असलेल्या आणि दिल्लीशी कधी गोडीने तर कधी अडून वागणाऱ्या पुढाऱ्यास हे नाव शोभते खरे. परंतु हा शब्द अडीच हजार वर्षांपूर्वी इराणात सरकारी हुद्दा म्हणून रूढ होता, हे तो वापरणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी असते. इराणी सम्राट दारयवहू म्हणजेच दरायस याने इ.स.पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर जो प्रचंड लेख कोरविला, त्यात बाख्त्री आणि आजच्या कंदाहारकडील प्रांत सांभाळणाऱ्या त्याच्या अधिकाऱ्यांस हीच पदवी लावलेली आहे. तिचा अर्थ राज्याचे रक्षण करणारा. संस्कृतातील 'क्षत्र' आणि 'प' यांच्याशी तिचे सख्ख्या बहिणीचे नाते असल्यामुळे ती इकडे आली तेव्हा कोणाला फारशी परकी वाटली नसावी. ही पदवी मिरविणारे लोक फिरत फिरत ज्या नगरात स्थिरावले आणि सुमारे तीन शतके राज्य करते झाले, ते नगर आपल्या बड्या गणपतीपासून अवघ्या ५५ किलोमीटरांवर आहे. उज्जयिनीस आपण महाकालासाठी जातो, सिंहस्थासाठी जातो, कालिदासासाठीही जातो. क्षत्रपांसाठी मात्र कोणी जात नाही. त्यांचे तेथे नावनिशाण दाखविणारेही कोणी नाही. म्हणून हा लेख.

प्रथम वाटेविषयी लिहितो, कारण काही नगरे राजांनी वसविलेली असतात आणि काही वाटांनी. इराणातील एकबाताना, म्हणजे आजचे हमदान, हे दुसऱ्या जातीचे नगर. बाबिलोनकडून निघून पूर्वेस बाख्त्रीकडे जाणारा तांडा डोंगर चढून वर आला की त्याला तेथे थांबावेच लागे. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास खाराक्सच्या इसिदोर नावाच्या लेखकाने पार्थियन साम्राज्यातील मुक्कामांची एक यादी लिहून ठेविली आहे. कोरडी यादी आहे. अमुक ठाण्यापासून तमुक ठाण्यापर्यंत इतके अंतर, एवढेच. परंतु ती वाचताना आम्हांस प्रवासवर्णनाहून अधिक आनंद झाला. फरात नदीपासून निघालेली ही वाट एकबाताना, राय (आजच्या तेहरानजवळचे), मर्व अशी ठाणी घेत शेवटी दक्षिणेस वळते आणि 'सकस्तान' या प्रांतातून कंदाहारच्या परिसरात येऊन थांबते. सकस्तान म्हणजे शकांचे स्थान. आजच्या इराण-अफगाण सीमेवरील सीस्तान. मध्य आशियातून खाली ढकलली गेलेली, इराणी कुळातील भाषा बोलणारी शक मंडळी तेथे स्थायिक झाली होती, म्हणून प्रदेशास ते नाव पडले.

इसिदोरची यादी जेथे संपते तेथून पुढील वाट आपणांस दुसरा एक ग्रीक ग्रंथ दाखवितो. 'पेरिप्लस' या नावाने तो आपल्याकडे परिचित आहे. इजिप्तमधील एका अनामिक व्यापाऱ्याने इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास तो लिहिला. त्यात काबूलच्या आणि पुष्कलावतीच्या बाजूने येणारा जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ असा माल 'ओझेनी' येथून 'बारिगाझा' बंदरात उतरतो, असे सांगितले आहे. ओझेनी म्हणजे उज्जयिनी आणि बारिगाझा म्हणजे भडोच. उज्जयिनी ही पूर्वीची राजधानी, असेही तो नमूद करतो. अकीक, इंद्रगोप असे खडे, तलम मलमल आणि भरपूर जाडेभरडे कापड येथून निघे. परतीच्या मालात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, सुरमा आणि सोन्यारुप्याची नाणी. ही नाणी स्थानिक चलनात बदलली असता चांगला नफा पडतो, अशी व्यापाऱ्याची टीपही तो देऊन जातो. इराणच्या किनाऱ्यावरील 'ओम्माना' या पेठेस भडोचहून मोठाली गलबते तांबे आणि इमारती लाकूड घेऊन जात, हेही त्याच ग्रंथात आहे. तेव्हा इराण हा या नगरास जमिनीनेही जोडलेला होता आणि पाण्यानेही.

याच यादीत राजासाठी आणावयाच्या वस्तूंत रुप्याची भांडी आणि उंची मद्य यांच्याच ओळीत गाणारी मुले आणि देखण्या मुलीही येतात. प्राचीन व्यापाराचे गौरवगान करणाऱ्यांनी ही ओळ गाळू नये, असे आम्हांस वाटते. बाजारपेठ सर्वच प्रकारच्या माणसांना एकत्र आणते, त्यांतील काहींना दोरीने बांधून.

उत्तर-दक्षिण वाट याहून जुनी. 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथात बावरीचे शिष्य गोदावरीकाठाहून बुद्धाच्या भेटीस निघतात, तेव्हाचे मुक्काम असे आहेत : प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, गोनर्द, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. माहिष्मती म्हणजे महेश्वर, असे बहुतेक विद्वान मानतात. महेश्वराहून घाट चढून उज्जयिनीस जाणाऱ्याने नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती आजच्या इंदूरच्या आसपासूनच जाते. अठराव्या शतकात मराठ्यांची घोडदळे नर्मदा ओलांडून माळव्यात चढली, तेव्हा त्यांनी काही नवी दिशा शोधून काढली नव्हती. त्यांच्या दोन हजार वर्षे आधी बैरागी आणि वाणी तिकडूनच गेले होते.

या दोन वाटांचा छेद म्हणजे उज्जयिनी. नाणकशास्त्रात एक खूण 'उज्जयिनी चिन्ह' या नावानेच ओळखली जाते : अधिक चिन्हासारख्या दोन रेघा आणि त्यांच्या चारी टोकांस चार वर्तुळे. तिचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. आम्हांस तरी ती पाहताना चव्हाटाच आठवतो.

आता माणसांकडे वळू. शक उज्जयिनीत कसे आले याची कथा जैन परंपरेने जपली आहे. उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल याने कालकाचार्यांची बहीण, साध्वी सरस्वती हिला पळवून नेले. आचार्यांनी परोपरीने विनविले. राजा बधला नाही. तेव्हा ते सिंधूपलीकडे 'सगकुला'त गेले. तेथील सरदारांस 'साही' म्हणत आणि त्यांच्या वरच्या स्वामीस 'साहानुसाही'. हे सरदार आचार्यांच्या सांगण्यावरून सौराष्ट्रात उतरले, पावसाळा तेथे काढिला आणि मग उज्जयिनी घेतली. पुढे विक्रमादित्याने त्यांस घालवून आपला संवत् सुरू केला आणि १३५ वर्षांनी शकांनी पुन्हा येऊन आपला. कथा बऱ्याच उशिरा लिहिली गेली. तीतील प्रत्येक पात्र इतिहासात शोधू नये. परंतु 'साहानुसाही' हा शब्द लेखकाने कल्पनेने बनविलेला नाही. तो अस्सल इराणी 'शहानशाह' आहे. आणि १३५ हा आकडा? कोणतेही मराठी पंचांग उघडावे. शके अधिक १३५ बरोबर विक्रम संवत्.

शक-क्षत्रपांची पहिली जी शाखा आपणांस नीट दिसते ती क्षहरातांची. तिचा प्रमुख राजा नहपान. त्याचा जावई उषवदात, दीनीकाचा मुलगा, स्वतःस शक म्हणवितो. नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात त्याचे लेख आहेत. आम्ही शासकीय सेवेत असताना अनेक देणग्यांची आणि विश्वस्त निधींची प्रकरणे हाताळली. पण इतका स्वच्छ दस्तऐवज क्वचित पाहिला. त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली. आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेविली. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दल परत मागावयाचे नाही. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. हिशेब करून पाहावा : २,००० वर वर्षाचे व्याज २४०, वीस भिक्षू, प्रत्येकी बारा. एक कवडी इकडेतिकडे नाही.

या यादीतील चारही गावे व्यापारी वाटांवरची आहेत, हे ध्यानात घेतले की दानामागील व्यवहारही दिसू लागतो. धर्मशाळा आणि होडी ज्याची, वाट त्याची. त्यात पुण्य नव्हते असे आमचे म्हणणे नाही. दशपुर म्हणजे मंदसौर; हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

नहपानाचा पराभव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. त्याची माता गौतमी बलश्री हिने नातवाच्या १९ व्या राज्यवर्षी नाशिकच्याच डोंगरात जो लेख कोरविला, त्यात मुलाने शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. पह्लव म्हणजे पार्थियन, इराणचेच. पुरावा दगडावरच थांबत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुद्रेच्या डोक्यावरच एका बाजूस त्रिकूट डोंगर आणि दुसऱ्या बाजूस तेच उज्जयिनी चिन्ह. विजयाची घोषणा करण्याचा इतका काटकसरी मार्ग दुसरा नाही. शत्रूची चांदी तीच, फक्त सही आपली.

मात्र क्षहरात संपले म्हणून क्षत्रप संपले नाहीत. दुसऱ्या घराण्यातील चष्टन उज्जयिनीत बसला. ग्रीक भूगोलकार टॉलेमी ओझेनीची ओळख 'तियास्तानेसची राजधानी' अशी करून देतो, तो हाच. कच्छमधील अंधौ येथील लेखांत याच घराण्याच्या कालगणनेचे ५२ वे वर्ष येते, म्हणजे इ.स. १३०. ही गणना इ.स. ७८ पासूनची. पूर्वी ती कनिष्काने सुरू केली असे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाई. आम्हीही तसेच शिकलो. अलीकडे कनिष्काचा काळ बराच पुढे, इ.स. १२७ च्या आसपास, धरण्याकडे अभ्यासकांचा कल आहे आणि इ.स. ७८ ची गणना चष्टनाकडे जाते. तो काही असो. ती शतकानुशतके अखंड चालविली ती उज्जयिनीच्या क्षत्रपांनी. ती चालू राहिली म्हणूनच शकांची म्हणून ओळखली गेली. 'शालिवाहन' हे नाव तिला पुष्कळ नंतर, मध्ययुगात, चिकटले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. लग्नपत्रिकेवर, पंचांगावर, पूजेच्या संकल्पात मराठी माणूस 'शके' म्हणतो तेव्हा तो गौतमीपुत्राच्या नव्हे, तर गौतमीपुत्राने ज्यांना उखडल्याचा अभिमान त्याच्या आईने मिरविला, त्यांच्या सोबत्यांची कालगणना मोजीत असतो. आणि माळव्यातला आमचा शेजारी दिवाळीस वहीपूजन करतो ते विक्रम संवताने, म्हणजे ज्याने शकांना हाकलले अशी कथा आहे त्याच्या नावाने. दोन्ही परंपरा उज्जयिनीशी जोडलेल्या. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवसापासून, जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली तीही शकांचीच. सरकारी राजपत्रावर आजही ती तारीख छापली जाते. सीस्तानच्या वाळवंटातून आलेल्या लोकांस इतके दीर्घ सरकारी आयुष्य लाभले, असे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

चष्टनाचा नातू रुद्रदामन् हा या घराण्याचा मेरुमणी. जुनागढ येथे गिरनारच्या पायथ्याच्या ज्या खडकावर अशोकाचे लेख आहेत, त्याच खडकावर शके ७२, म्हणजे इ.स. १५० चा त्याचा लेख आहे. मुंबईत भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या लेखांवर मराठीतूनच भरीव ग्रंथ लिहिला. मराठी वाचकास हा विषय परका राहण्याचे खरे तर काही कारण नाही.

लेखाचा विषय एक तलाव. सुदर्शन तलाव प्रथम चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने बांधविला. अशोकाच्या वतीने 'यवनराज' तुषास्फ याने त्याचे कालवे काढिले. तुषास्फास लेखात यवन म्हटले असले तरी नावाच्या शेवटचा 'अस्प' म्हणजे घोडा, हा शुद्ध इराणी आहे. मग रुद्रदामनाच्या काळी भयंकर वादळात बांध फुटला. खिंडार ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल. राजाच्या सल्लागार आणि कार्यकारी अशा दोन्ही मंत्र्यांनी काम अशक्य ठरवून विरोध केला. लोक हवालदिल झाले. शेवटी आनर्त आणि सौराष्ट्र यांचा कारभार पाहणारा अमात्य सुविशाख याने ते पुरे केले. त्यासाठी प्रजेवर कर बसविला नाही, वेठ लादली नाही, 'प्रणय' नावाची गोड शब्दांत मागितली जाणारी वर्गणीही घेतली नाही; खर्च राजाच्या खजिन्यातून झाला.

ज्यांनी कधी सचिवालयात फाइल वर सरकताना पाहिली आहे, त्यांस हा प्रसंग सांगून समजवावा लागणार नाही. दोन खात्यांचा प्रतिकूल अभिप्राय, जनतेत घबराट, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला एक अधिकारी जबाबदारी घेतो. विशेष हे की लेखाने राजाइतकेच त्या अधिकाऱ्यास श्रेय दिले : तो कुलैपाचा पुत्र, जातीने पह्लव, लाच न घेणारा, न डगमगणारा. बलश्रीच्या लेखात ज्या पह्लवांचा संहार झाला, त्यांच्यातीलच एक येथे गुजरातेतील शेतकऱ्यांचे पाणी वाचवितो. दोन्ही लेख एकाच शतकातले.

आणि भाषा? उपलब्ध लेखांत हा शुद्ध संस्कृत गद्याचा पहिला मोठा नमुना होय. सातवाहन, जे इथल्याच मातीतले, ते आपले लेख प्राकृतात कोरवीत राहिले. आणि ज्यांच्या पूर्वजांनी संस्कृताचे अक्षरही ऐकले नव्हते, ते शक समासांची लांबलचक माळ ओवू लागले. यात आश्चर्य नाही. नव्याने आलेल्यास प्रतिष्ठेची भाषा अधिक जपून बोलावी लागते. चष्टनाच्या बापाचे नाव य्सामोतिक. ब्राह्मी लिपीत 'ज़' हा उच्चार लिहिण्यास अक्षर नव्हते, म्हणून लेखनिकांनी 'य्स' असे जोडाक्षर बनविले. एका परक्या घराण्यासाठी लिपीस घातलेले ठिगळच ते. त्याचा मुलगा चष्टन, नातू जयदामन्, पणतू रुद्रदामन्, त्यापुढे रुद्रसिंह. चार-पाच पिढ्यांत सीस्तान नावांतून पुसला गेला. रुद्रदामनाने दक्षिणापथपती सातकर्णीस दोनदा हरविले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही, असे जुनागढचा लेख सांगतो. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक कुळातील, महाक्षत्रपाची कन्या असल्याचे आले आहे. म्हणजे पैठण आणि उज्जयिनी यांच्यात सोयरीक झाली होती. निःशेष करण्याची भाषा एका पिढीत आणि वरात दुसऱ्या.

त्यांच्या मूळ बोलीचा माळव्यात एकही लेख नाही. उरली ती फक्त नाण्यांवरची खूण. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरे असत. नहपानाच्या नाण्यावर ती वाचता येतात. पुढे ती वाचणारा कोणी उरला नाही. ठसे कोरणारा कारागीर आधीच्या नाण्यावरील रेघा पाहून तशाच रेघा काढी आणि होता होता ती अक्षरे नुसत्या उभ्या काठ्या झाल्या. दुसऱ्या बाजूचा ब्राह्मी मजकूर मात्र नीट, राजाचे नाव, बापाचे नाव आणि पुढे शकवर्षही. चौथ्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य बुडविले, तेव्हा त्याने चांदीची नाणी पाडली ती याच वळणाची. त्या निरर्थक काठ्यांसह.

आमच्यासारख्या इंदूरच्या मराठी माणसास हे वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. शक इतके मिसळून गेले की वेगळे काढता येत नाहीत, याचे आपण कौतुक करतो आणि भारतीय संस्कृतीच्या पचनशक्तीचा गौरव करतो. पण तेच आपल्या घरात घडू लागले की सभा भरवितो. आपणही त्याच वाटेने आलो. आपल्या पूर्वजांनी नर्मदा ओलांडली ती काही व्याख्यानमालेसाठी नव्हे. चौथाईच्या वसुलीसाठी आणि मुलूखगिरीसाठी. मग होळकरांचे राज्य बसले, देवी अहिल्याबाईंनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, आणि महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौर येथे, म्हणजे उषवदाताच्या त्याच दशपुरात, तह होऊन इंदूर राजधानी झाले. तोवर आणि त्यानंतर येथे मारवाडी आले, गुजराती आले, बोहरी आले. मल्हारगंजातून खजुरी बाजाराकडे आणि छिपा बाखलीकडे चालत गेले तर नावांवरूनच कोण कशासाठी आला ते उमजते. बड्या गणपतीच्या मूर्तीत सात मोक्षपुऱ्यांची माती मिसळली आहे, अशी श्रद्धा आहे. त्या सातांत अवंतिकाही एक.

या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने झाली. १९३५ सालीच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही येथेच भरले. १९१८ मध्येही त्यांनी येथे ते अध्यक्षपद भूषविले होते. दोन्ही मांडवांना गर्दी होती. आज आपल्या नातवंडांना शके कोणते हे विचारले तर सांगता येत नाही. घरातील मोडी कागद आम्हांसही लागत नाहीत. कपाटात ते आहेत. त्यांवरील वळणे सुंदर आहेत. आम्ही ती कधीकधी नुसती पाहतो.

मिसळण्याची रीत एकच असते असे नाही. सहाव्या शतकात अवंतीत वराहमिहिर होऊन गेला. त्याच्या 'पंचसिद्धांतिके'चा आरंभ शके ४२७, इ.स. ५०५ पासून. या ग्रंथात रोमक आणि पौलिश सिद्धांतही विनासंकोच घेतले आहेत. नावातील 'मिहिर' हा सूर्यवाचक शब्द इराणी मित्राचाच. 'बृहत्संहिते'त तो सांगतो की सूर्याची मूर्ती उत्तरेकडील वेषात, कमरेस 'अव्यंग' पट्टा असलेली करावी आणि तिची स्थापना मग ब्राह्मणांकडून करवून घ्यावी. मग म्हणजे इराणातील सूर्योपासक पुरोहित. येथे ते ब्राह्मण झाले, संस्कृत बोलू लागले, परंतु त्यांच्या देवाने पायांतील उंच बूट काढिले नाहीत. जुन्या सूर्यमूर्ती पाहताना पायांकडे लक्ष द्यावे. ज्या नगरात हा ग्रंथकार नांदला त्याच नगराची मध्याह्नरेषा भारतीय ज्योतिष्यांनी शून्य मानली, आणि तेच नाव अरबांच्या ग्रंथांत शिरून, एका नुक्त्याच्या घोटाळ्याने 'अरीन' होऊन, पुढे लॅटिनमध्ये गेले. वाट उलटही चालते.

दुसरी गोष्ट मंदसौरच्याच एका शिलालेखाची. लाट देशातील, म्हणजे दक्षिण गुजरातेतील, रेशीम विणकरांची एक श्रेणी मुलाबाळांसह दशपुरास येऊन राहिली. मालव संवत् ४९३, म्हणजे इ.स. ४३६ च्या सुमारास त्यांनी तेथे सूर्यमंदिर बांधिले. लेखाचा कवी वत्सभट्टी. श्रेणीतील सगळेच पुढे मागावर बसले नाहीत, हे तो मोकळेपणी सांगतो. कोणी धनुर्विद्येत निपुण झाले, कोणी कथाकथनात, कोणी ज्योतिषात, कोणी युद्धात. काही मात्र आपल्या विणकामातच रमले. मंदिराचा काही भाग पडला तेव्हा मालव संवत् ५२९ मध्ये, ३६ वर्षांनी, त्याच श्रेणीने त्याची डागडुजी केली आणि तेव्हा हा संपूर्ण लेख कोरविला. म्हणजे तो लिहविणाऱ्यांतील अनेकांचा जन्म दशपुरातच झालेला असणार. तरीही लेख दशपुराच्या वर्णनापासून सुरू होत नाही. आधी फुलांच्या भाराने वाकलेली झाडे आणि देवळे, सभा, विहार असलेला लाट देश येतो. आपण तेथून आलो हे येते. आणि मगच नव्या गावाची तळी, घरे आणि बागा.